खिडकीत ओढतात, घरात नाही

"यावर तुमचा कुणाचाही विश्वास बसायचा नाही," तात्या म्हणाले, आणि इस्त्रीच्या खोलीतल्या चारही खुर्च्या दोन-दोन बोटं पुढे सरकल्या.

गेली छत्तीस वर्षं तात्यांची प्रत्येक गोष्ट याच वाक्यानं सुरू होत आली होती, आणि गंमत अशी की लोकांचा विश्वास तेवढ्या एका वाक्यावरच बसत नसे. पुढचं सगळं ते मुकाट गिळत. तात्यांनी म्हणे एका नवरदेवाच्या कोटाला अशी कडक इस्त्री मारली होती, की नवरदेव कोट काढून जेवायला बसला तरी कोट आपला दारात उभाच, पाहुण्यांशी हात मिळवतोय. एका वकिलाच्या पँटीच्या घडीनं म्हणे न्यायाधीशांच्या टेबलावरचा पाव कापला गेला होता, दोन सारखे तुकडे, म्हणून निकालही अर्धा-अर्धा लागला. असल्या गोष्टी लाँड्रीच्या गल्ल्यावर कपड्यांबरोबर फुकट मिळत. काही गिऱ्हाइकं तर म्हणे धुतलेलेच कपडे पुन्हा टाकायला येत.

पण या सगळ्या इमल्याला एकच खांब होता, आणि तो म्हणजे त्यांच्या बायकोचं, माईंचं 'हूं'. तात्यांनी शेवटचं वाक्य टाकायचं, क्षणभर थांबायचं, आणि माईंनी इस्त्रीवरची नजर न काढता 'हूं' म्हणायचं. त्या 'हूं'चा अर्थ 'खरं आहे' असा नव्हता, 'खोटं आहे' असाही नव्हता. पण ते पडलं की गोष्ट शिक्का मारल्यासारखी पक्की व्हायची आणि मग लोक हसायला मोकळे.

आज रविवार, दुकान बंद. सगळे मागच्या इस्त्रीच्या खोलीत जमले होते, कारण वरच्या दोन खोल्यांत मिळून एवढी माणसं मावत नसत. तात्या लांब टेबलाच्या टोकाला स्टुलावर. समोरच्या खुर्च्यांवर धाकटा मुलगा, त्याची बायको, तात्यांची बहीण म्हणजे आत्या, आणि थोरली मुलगी चिमणी, जी पाच फूट दहा इंच होती आणि गोदामात माल उचलायचं यंत्र चालवत होती. माई नेहमीप्रमाणे उभ्याच. बसलेल्या माई कुणी पाहिल्याच नव्हत्या. त्या झोपतात ते उभ्यानंच, अशीही तात्यांची एक गोष्ट होती.

आणि दाराशी एक निळी बॅग होती. बॅग सुनेची. सुनेला पाचवा महिना सरत आला होता. ती बॅग उचलून तिनं बहिणीकडे जायचं की जिना चढून परत वर न्यायची, एवढंच आज ठरायचं होतं.

बॅगेची कथा सुरू झाली ती तीन आठवड्यांपूर्वी, दवाखान्यात. सुनेबरोबर माई गेल्या होत्या. चष्म्याच्या वरून बघणाऱ्या एका नर्सनं कागद पुढे ओढला आणि एकेक प्रश्न विचारत सुटली. आधीची दुखणी, झोप, जेवण. माई शेजारी बसून ऐकत होत्या. (दवाखान्यात त्या बसल्या होत्या, हे तात्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.) तेवढ्यात नर्स म्हणाली, "घरात कुणी सिगारेट ओढतं का?"

सुनेनं तोंड उघडायच्या आत माई म्हणाल्या, "नाही."

मग त्यांनाच ते जरा उघडं-वाघडं वाटलं म्हणून त्यांनी पुस्ती जोडली, "म्हणजे खिडकीत ओढतात. घरात नाही."

नर्सचं पेन थांबलं. "खिडकी घरालाच आहे ना, आजी?"

माईंना राग आला तो 'आजी'चा की खिडकीचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण खिडकी हा या घरचा कायदा होता. पहिल्या मुलाची चाहूल लागली तेव्हापासून तात्या वरच्या खोलीच्या रस्त्याकडच्या खिडकीत उभे राहून, दोन्ही कोपर बाहेर काढून, मान कासवासारखी लांबवून ओढत आले होते. धूर रस्त्यावर जातो आणि रस्ता केवढा मोठा आहे, हा त्यांचा युक्तिवाद. घरात कुणी तो कधी तपासला नव्हता. माईंनी मान ताठ केली. नर्सनं खांदे उडवले, कागदावर 'नाही' लिहिलं आणि एक घडीचं पत्रक सुनेच्या हातात दिलं.

सुनेनं ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा नवऱ्याला वाचून दाखवलं. आईनं स्वतः एक झुरका न घेताही दुसऱ्याचा धूर तिच्या छातीतून रक्तात आणि रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत जातो. बाळ वजनानं कमी भरू शकतं, दिवस भरायच्या आधी येऊ शकतं. जन्मल्यावरही धूर त्याची छाती धरतो. खिडकी उघडून, पंखा लावून भागत नाही. धूर भिंतीत, गादीत, कपड्यात बसून राहतो. एवढा धूर चालेल, असं मापच नाही. शेवटचं वाक्य ऐकून धाकट्यानं डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवशी हवा बाहेर फेकणारा एक पंखा विकत आणला. तो खिडकीवर बसवला. त्या पंख्यानं इमानदारीनं अर्धा धूर समोरच्या शिंप्याच्या घरात आणि उरलेला अर्धा जिन्यातून खाली, सगळ्यांच्या नाकात पोहोचवला. शिंपी भांडायला आला. धाकटा दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा होता, आणि दोन्ही दगड हलत होते.

आत्या भावाच्या बाजूच्या. आत्यांनी सांगितलं की आपले वडील तर झोपेतही ओढायचे, आणि आपण दोघं काय कमी वाढलो का. उलट धुरानं घरात डास नसायचे. चिमणीही वडिलांच्याच बाजूनं होती. ती तात्यांची लाडकी. ती म्हणाली की माणूस बासष्टाव्या वर्षी काय काय सोडणार, आधीच केसांनी त्याला सोडलंय. एवढं बोलून ती जिना चढून वर गेली, आणि वर पोहोचल्यावर तिनं खिशातला दम्याचा पंप काढून दोन वेळा ओढला. पायऱ्या चौदाच होत्या. माई खालून मोजत होत्या.

सून मात्र इस्त्रीला लागली. ती या घरात चार वर्षांपूर्वी आली, तेव्हा तिला इस्त्री कुठून धरायची तेही ठाऊक नव्हतं. आता तिच्यासारखं नाक या धंद्यात शोधून सापडलं नसतं. कारण या कामात हातापेक्षा नाक मोठं. कपडा कपाटात मुका असतो, वाफेत बोलका होतो, असं तात्यांचे वडील म्हणायचे. ओलं फडकं घालून गरम इस्त्री टेकवली की कपडा आपण कुठं कुठं जाऊन आलो ते सगळं ओकतो. कोण तळणाच्या दुकानात बसतो, कोणाच्या घरात ओल आहे, हे माईंना आणि सुनेला गिऱ्हाइकाच्या बायकोआधी कळे. एक डॉक्टर रोग्यांना 'सिगारेट सोडा' म्हणून कानीकपाळी ओरडायचे. त्यांच्या कोटाला इस्त्री करायची तर खोलीतल्या बाकीच्यांना खोकला यायचा. दुकानाचा नियम एवढाच होता, की वाफेत कळलेलं दाराबाहेर जायचं नाही.

बुधवारी सुनेनं वरच्या मागच्या खोलीचा पडदा काढून आणला. पाळणा ठेवायची ठरलेली ती हीच खोली. खिडकीपासून दोन दारं आड. तिथं तात्यांनी उभ्या जन्मात काडीसुद्धा ओढली नव्हती. पडदा न धुता तिनं टेबलावर पसरला, ओलं फडकं टाकलं आणि इस्त्री टेकवली.

"माई, जरा इकडे येता?"

माई वाकल्या. वाफ चेहऱ्यावर आली. त्या सरळ झाल्या.

"जुना असेल वास," त्या म्हणाल्या.

"दोन महिन्यांपूर्वी मीच धुतलाय हा," सून म्हणाली. मग तिनं कपाटातून एक झबलं आणलं. पांढरं, तळहाताएवढं; आत्यांनी शिवलेलं, आठ दिवस त्याच खोलीच्या फळीवर पडलेलं. त्यावर तिनं इस्त्रीचं टोक अलगद फिरवलं.

ज्याला घालायचं तो अजून आलाही नव्हता, आणि त्याच्या झबल्याला तात्यांच्या सिगारेटचा वास होता.

सुनेनं आवाज चढवला नाही. संध्याकाळी सगळ्यांसमोर तिनं शांतपणे सांगितलं की ती रागावून जात नाहीये. तात्यांनी सोडली तर ती राहील, नाहीतर रविवारी बहिणीकडे जाईल, आणि बाळ झाल्यावरही तिकडेच राहील. धाकट्यानं यायचं की इथं राहायचं ते त्यानं बघावं. "मी तुम्हाला सोडा म्हणत नाही, तात्या," ती म्हणाली. "तुमची छाती तुमची आहे. मी फक्त माझ्या बाळाची उचलून नेते."

तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ताबडतोब गोष्ट सांगितली नाही. ते खिडकीत जाऊन उभे राहिले, मग खिडकीत उभं राहणंही आता बरं दिसत नाही हे लक्षात येऊन रस्त्यावर गेले.

त्या बुधवारपासून माईंच्या डोक्यात एक खिसा घर करून बसला होता.

खिसा तात्यांच्या शर्टाचा. चिमणी जन्मली तेव्हाची ती गोष्ट, तात्यांची सगळ्यात पहिली, सगळ्यात गाजलेली, प्रत्येक जमावात कुणीतरी मागून घ्यायचंच. चिमणी म्हणे एवढी एवढीशी होती, की दवाखान्यात तिला तात्यांनी शर्टाच्या खिशात घालून फिरवलं. एका बाजूला सिगारेटचं पाकीट, एका बाजूला पोर. फिरता फिरता त्यांना सिगारेट काढायची झाली की आतून पोरगीच काडेपेटी वर द्यायची. या ठिकाणी लोक हसून हसून लोळायचे. चिमणी स्वतः सगळ्यात जास्त हसायची.

खरं असं होतं की चिमणी दिवस भरायच्या आधी आली आणि पाच आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. माई त्या पेटीपुढे उभ्या राहत. बसायला बाक होता, पण बसलं तर काचेतलं दिसत नसे. तात्या दारापर्यंत येत आणि परत फिरत. पाचव्या की सहाव्या दिवशी घरी विचारपूस करायला माणसं जमली, कुणीतरी विचारलं, पोर कशी आहे, आणि तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. रडणार असं वाटलं. त्याऐवजी ते म्हणाले, "यावर तुमचा विश्वास बसायचा नाही," आणि त्यांनी ती खिशाची गोष्ट सांगितली. ती संपवून त्यांनी माईंकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसं. माई म्हणाल्या, "हूं."

ते पहिलं. त्यानंतरची सगळी त्याच 'हूं'ची पिल्लं.

धुरानंच तसं झालं, असं माईंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याही तसं म्हणणार नव्हत्या. पोटुशी असताना त्या तात्यांच्या शेजारी खिडकीत उभ्या राहायच्या, गप्पा मारत, वारा आत असला की हातानं धूर सारत. एवढंच त्यांना आठवत होतं. तेव्हा कुणी काही विचारलंच नव्हतं. माहीत नव्हतं, तर नव्हतं. पण आता एका बाईनं चष्म्यावरून बघून सरळ विचारलं होतं, आणि माईंनी सरळ 'नाही' म्हटलं होतं. तात्यांच्या सगळ्या थापा एका पारड्यात घातल्या तरी हे एक 'नाही' खाली बसत होतं.

तर असा हा रविवार. तात्या सकाळी वर्तमानपत्र आणायला म्हणून गेले होते ते दीड तासानं परतले. कोट खुंटीवर टांगला, हात साबणानं दोनदा धुतले, आणि जमलेल्यांसमोर स्टूल ओढून जाहीर केलं की आपण सिगारेट सोडून आज चार दिवस झाले.

सुनेनं बॅगेकडे पाहिलं. आत्या म्हणाल्या, "बघ, माझा भाऊ आहे तो."

"कशी सोडली ते ऐका," तात्या म्हणाले. "यावर तुमचा कुणाचाही विश्वास बसायचा नाही."

आणि खुर्च्या पुढे सरकल्या.

माईंनी खुंटीवरचा कोट काढला. त्यात काही हेतू नव्हता. कोटाच्या पाठीला चुणी होती, आणि चुणी दिसली की माईंचा हात आपोआप जाई. त्यांनी कोट टेबलावर पालथा घातला आणि फडकं पाण्यात बुडवलं.

तात्या सांगत होते की बुधवारी संध्याकाळी त्यांनी शेवटचं भरलेलं पाकीट बॉयलरच्या भट्टीत टाकलं आणि झाकण लावलं. झालं, सुटली एकदाची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर पेटेना. लाकूड घातलं, थुंकला. दुसरं घातलं, तेही थुंकला. नुसता खोकत बसला. अकरा वाजता बाजूच्या पानवाल्यानं दुकान उघडलं तशी यानं शिट्टी मारली.

धाकटा हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण हसला.

तात्यांचा आवाज चढला, हात हवेत फिरू लागले. बॉयलरला लागलं होतं व्यसन, एका पाकिटात. शुक्रवारी तर त्यांनी येऊन पाहिलं तो बॉयलर जागेवर नाही. खिडकीकडे सरकलेला, चार बोटं. "खोटं वाटत असेल तर फरशीवर ओरखडे बघा." ओरखडे खरेच होते, पंख्याचं खोकं ओढताना पडलेले. चिमणी हसता हसता टेबलावर थापा मारायला लागली. मग तात्यांनी बॉयलरला समजावलं म्हणे, की बाबा रे, घरात लहान मूल येणार आहे, तू आता आजोबा होणार, शोभतं का हे. बॉयलरनं एक लांब उसासा टाकला. त्याच्या काचेवर पाणी जमलं. "आणि तेव्हापासून," तात्या म्हणाले, "तोही सुटला, मीही सुटलो. आम्ही दोघं आता एकमेकांवर लक्ष ठेवून असतो."

सून पोटावर हात धरून हसत होती. चार दिवसांत ती पहिल्यांदाच अशी हसली. डोळे पुसून तिनं विचारलं, "खरंच सोडली ना, तात्या?"

"वाफेची शपथ," तात्या म्हणाले.

सुनेनं नवऱ्याकडे पाहून मान हलवली. धाकटा उठला. एवढा हलका तो गेल्या तीन आठवड्यांत दिसला नव्हता. त्यानं दाराशी जाऊन निळी बॅग उचलली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

माईंनी फडक्यावर इस्त्री टेकवली.

वाफ उठली ती सरळ त्यांच्या तोंडावर. बाकी कुणी इतकं जवळ नव्हतं. जुना धूर वाफेत आंबट येतो, विझलेल्या चुलीसारखा, दमून आलेला. हा तसा नव्हता. हा कडक होता, गोडसर, टोकदार. कापडात अजून नीट बसलासुद्धा नव्हता. गेल्या महिन्याचा नव्हे, बुधवारचा नव्हे. वर्तमानपत्राएवढा ताजा.

तात्या थांबले होते. गोष्ट संपली होती आणि ते माईंकडे बघत होते. सगळेच बघत होते. आता फक्त शिक्का पडायचा राहिला होता. त्या नजरेत तेच होतं जे छत्तीस वर्षांपूर्वी होतं, आणि माईंचे ओठ सवयीनं मिटलेही, 'हूं'साठी मिटतात तसे.

त्यांनी इस्त्री उचलून उभी ठेवली. मग धाकट्याची रिकामी झालेली खुर्ची स्टुलाशेजारी ओढली आणि तिच्यावर बसल्या.

"खोटं," माई म्हणाल्या.

जिन्यावर धाकटा थांबला. तात्यांनी हसायचा प्रयत्न केला. "काय खोटं? बॉयलरचं?"

"बॉयलरचं असेल खरं. तुमचं खोटं. कोटाला आज सकाळचा वास आहे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, गिऱ्हाइकाला कपडे कधी मिळतील ते सांगावं तसा. "आणि चिमणी कधी तुमच्या खिशात नव्हती. पाच आठवडे ती काचेत होती, अहो. मी उभी होते ना तिथं."

चिमणीचा टेबलावरचा हात तसाच राहिला.

"थापा मारल्यात, मी हुंकार दिला. तेव्हा दुसरं काही देता येत नव्हतं मला. पण दवाखान्यात मीच खोटं बोलले, घरात कुणी ओढत नाही म्हणून." माईंनी कोट उचलून तात्यांच्या मांडीवर ठेवला. अजून गरम होता. "उद्या सूनबाईला पुन्हा बोलावलंय, ती बाई पुन्हा विचारेल. या खेपेला मी खरं तेच सांगणार आहे. काय खरं असायचं, ते तुम्ही ठरवा."